नव्या पितळेस जुना रंग



ज्या ज्या बेने इस्राएल कुटुंबांनी कोकणातील अथवा मुंबईतील घर सोडून परदेशी बिऱ्हाड केले, त्यांच्या ट्रंकांमधून कपड्यालत्त्यांबरोबर एखादी तरी पितळेची वस्तू प्रवासास निघालीच असेल. कोणाकडे शब्बाथचा टांगता दिवा, कोणाकडे हनुक्काचा दिवा, कोणाकडे मलिद्याचे ताट, तर कोणाकडे नुसताच पाण्याचा तांब्या. वजनाचा हिशेब पाहता या वस्तू मागे ठेवणेच शहाणपणाचे होते. परंतु त्या मागे राहिल्या नाहीत. अशा वस्तूंचे एक दुःख असे की, प्रवासात त्यांचा एखादा लहानसा भाग हमखास हरवतो. दिव्याचा आकडा, झाकणाची मूठ, एखादा स्क्रू, नाही तर साखळीच्या चार कड्या. तो भाग नवा करून बसवावा, तर जुन्या अंगावर तो सोन्याच्या दातासारखा चमकत राहतो.

या नव्या भागास जुन्याचा रंग देता येतो काय, द्यावा काय, आणि देताना काय सांभाळावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. आमच्या घरी तो उभा राहिला तेव्हा त्यापायी एक पेला फुटला, थोरल्या भगिनीशी वाद झाला आणि शेवटी आमचे थोडेसे शिक्षणही झाले. तो अनुभव आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी असेच काम खोळंबले असेल, त्यांचा एखादा पेला तरी त्यामुळे वाचावा.

दिवा आणि त्यावरील नाव

आमचे वास्तव्य न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टन शहराच्या उत्तरेस डोंगरांमध्ये वसलेल्या जॉन्सनव्हिल या उपनगरात आहे. १८४० नंतरच्या दशकात फ्रँक जॉन्सन नावाच्या वसाहतवाल्याने येथील अरण्य तोडून जागा मोकळी केली, तिच्यावरून हे नाव पडले. पुढे १८८५ साली येथे आगगाडी आली. डोंगरावरचा वारा येथे बारमाही, आणि समुद्र फार दूर नसल्याने त्या वाऱ्यात खारटपणाही असतो. पितळेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे; तिच्याकडे पुढे वळू.

आमच्याकडील दिवा आजीचा. रेवदंड्याकडच्या घरात तो आढ्याला टांगलेला असे. वर छत्री, तिला तीन साखळ्या, आणि साखळ्यांच्या खाली पितळेचे रुंद कडे. त्या कड्यात काचेचा पेला बसतो. पेल्यात तळाशी पाणी, त्यावर नारळाचे तेल आणि तेलात वात. कड्याच्या बाहेरच्या अंगास आजीचे नाव कोरलेले आहे. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपली जी रीत, तिलाच अनुसरून दिव्यावरही ते घातले गेले. नावाची अक्षरे पाच होती. आज तीन वाचता येतात, चौथ्याचा केवळ काना उरला आहे, आणि पाचवे गेले आहे.

ती अक्षरे कोठे गेली, हे सांगण्यास संशोधकाची आवश्यकता नाही. दर शुक्रवारी सकाळी चिंचेचा कोळ, चिंच नसल्यास आमसुलाचे पाणी, त्यावर चुलीतील राख आणि नारळाच्या शेंडीचा चोथा, अशा साहित्यानिशी तो दिवा घासला जाई. काळवंडलेल्या दिव्याने शब्बाथचे स्वागत करणे आजीस अब्रूचा प्रश्न वाटे. पुढे मुंबईच्या चाळीत आईला नोकरीमुळे दर आठवड्यास सवड होईना. तेव्हा दिवा सणासुदीपुरता उजळला जाऊ लागला. नंतर तो ट्रंकेत गेला, आणि तेथे वीसएक वर्षे कोणी त्यास हात लावला नाही. जॉन्सनव्हिलला ट्रंक उघडली तेव्हा तो जुन्या गुळाच्या ढेपेसारखा गडद तपकिरी झाला होता, आणि नक्षीच्या रेघांत हिरवट धागा धरला होता. एक साखळी आणि वरचा आकडा मात्र नाहीसा झाला होता.

आम्ही पितळेची तार आणि एक सळई विकत आणून साखळी व आकडा घरीच वाकवून तयार केले. काम बरे साधले. पण दिवा टांगल्यावर दोन साखळ्या तपकिरी, तिसरी पिवळीधमक, आणि वर आकडा त्याहून पिवळा. खोलीत येणाऱ्याची दृष्टी प्रथम त्या आकड्याकडेच जाई.

आमच्या थोरल्या भगिनी अश्दोदला असतात. त्यांना हे दूरध्वनीवरून सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणात निकाल दिला. “अरे, नव्याला जुने करण्याचा खटाटोप कशाला? जुन्यालाच घास. चिंच मिळत नाही का तुमच्या गावात? आजी असती तर तिन्ही साखळ्या एका रंगाच्या करून मोकळी झाली असती!”

हा युक्तिवाद कमकुवत नव्हता. जुन्या-नव्याचा मेळ घालण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर नव्यास काळे करा, किंवा जुन्यास पिवळे करा. दुसरा मार्ग आजीचा, आणि म्हणून आम्हांस आदरणीय. तथापि आम्ही भगिनींना त्या चौथ्या अक्षराच्या कान्याची गोष्ट सांगितली. पलीकडे काही वेळ शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, “मग थांब. घासू नकोस.”

हा रंग कशाचा?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचे. आपल्याकडे ज्यास कासे म्हणतात, ते या दुसऱ्या कुळातील. दोहोंत प्रमुख धातू तांबे, आणि त्यांच्यावर जो रंग चढतो तो मुख्यतः तांब्याचाच. हवेतील प्राणवायूने प्रथम तांबूस-तपकिरी थर धरतो. स्वयंपाकघरातील धूर आणि हवेतील गंधकाचा अंश त्यास काळसर करतो. ओलावा व कर्बवायू यांच्या योगे, आणि समुद्राकाठी मिठाच्या योगे, हिरवा थर येतो. या हिरव्यास आपण जंगाल म्हणतो. इंग्रजीत या सर्व जुनेपणाच्या थरास ‘पॅटिना’ असे एकच नाव आहे. आपल्या भाषेत ‘कळंक’ हा शब्द होता, पण त्यात कौतुक नाही, तक्रार आहे. आणि त्यास कारणही आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक अथवा आमटी ठेवली तर ती कळकते, आणि कळकलेले अन्न खाणाऱ्यास बाधते. ज्या गृहिणींना कळंक म्हणजे विष हे ठाऊक होते, त्यांनी तो दिसताच घासून काढावा, हे स्वाभाविकच होते.

चिंचेतील आम्ल हा थर विरघळविते, आणि राख उरलेले खरवडून काढते. पण थर म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे. तो त्या धातूचाच बदललेला अंश असतो. म्हणून प्रत्येक घासणीत थोडी पितळ जाते. आज थोडी, उद्या थोडी, आणि चाळीस वर्षांनी अक्षर जाते. आम्ल फार वेळ राहू दिले, तर आणखी एक गोष्ट घडते. पितळेच्या पृष्ठभागातील जस्त आधी निघून जाते, आणि मागे तांब्याचे गुलाबी डाग राहतात. घाईत घासलेल्या समईवर असे डाग पुष्कळांनी पाहिले असतील.

जुन्या धातूकडे पाहण्याची दुसरी दृष्टी कोणती, याचे उदाहरण आम्हांस वेलिंग्टनमध्येच सापडले. जॉन्सनव्हिलची गाडी बोगदे ओलांडीत वेलिंग्टनच्या स्थानकात उतरविते, आणि तेथून बंदराच्या काठाने चालत गेले की ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय लागते. १९९८ साली ते या जागी उघडले. त्याच्या संग्रहात ब्राँझच्या एका फुटक्या घंटेचा वरचा भाग आहे. उंची सुमारे १३ सेंटिमीटर. विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्यास ती १८३६च्या सुमारास देशाच्या उत्तर भागात, फांगारेईजवळ दिसली. तेथील माओरी स्त्रिया तिच्यात बटाटे उकडीत असत. तिच्या काठावर जुन्या वळणाची तमिळ अक्षरे आहेत, आणि त्यांचा अर्थ मोहिदीन बक्ष याच्या जहाजाची घंटा, असा लावला जातो. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील ही घंटा न्यूझीलंडात कशी आली, याविषयी अनेक तर्क झाले; निर्णय झालेला नाही. जे काही हाती आहे ते त्या अक्षरांत आणि त्या धातूतच आहे. एखाद्या उत्साही मनुष्याने ती चिंचेने घासून लख्ख केली असती, तर तो पुरावा त्या प्रमाणात कमी झाला असता. आजीच्या कड्यावरील नाव ही आमच्या घरची तेवढीच घंटा आहे.

परंतु जुने राखणे वेगळे आणि नव्यास जुने भासविणे वेगळे. पुष्कळांना हे दुसरे काम फसवणुकीचे वाटते. बाजारात नवी मूर्ती जंगालाने रंगवून पुरातन म्हणून विकणारे असतात, तेव्हा हा संशय अनाठायी म्हणता येत नाही. तथापि धातूवर मुद्दाम रंग चढविणे ही गोष्ट मुळात अप्रामाणिक नाही. नांदेड-लातूरच्या सीमेलगतच्या बिदरचे कारागीर हेच काम शतकानुशतके करीत आले आहेत. बिद्रीच्या वस्तूत जस्त फार आणि तांबे थोडे असते. त्यावर चांदीची तार ठोकून नक्षी भरतात. अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील विशिष्ट माती आणि नवसागर यांच्या गरम लेपाने ती वस्तू माखतात. मिश्रधातू काळाभोर होतो, चांदी पांढरी ती पांढरीच राहते. तो काळा रंग वयाचा नव्हे, कारागिराच्या निवडीचा आहे, आणि घेणाऱ्यास हे ठाऊक असते. रंग कोणता दिला यात लबाडी नाही. रंग देऊन काय सांगितले, यात ती असू शकते.

आमची चूक

असे मनाचे समाधान करून आम्ही कामास लागलो. पितळेस एका रात्रीत तपकिरी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे अमोनियाची वाफ. झाकणाची प्लॅस्टिकची बादली घ्यावी, तळाशी बशीत अमोनियाचे पाणी ठेवावे, वस्तू दोऱ्याने वर टांगावी, झाकण घट्ट लावावे आणि सकाळी पाहावे. वाफ आणि ओलावा मिळून तांब्यावर काम करतात, आणि हवेत ज्यास कैक वर्षे लागतात तो थर काही तासांत धरतो. सकाळी झाकण काढले तेव्हा साखळी आणि आकडा यांचा रंग इतका जुळला होता की, नवी साखळी तिहींतील कोणती, हे घरच्यांनाही हाताने चाचपून पाहावे लागले. आम्हांस अभिमान वाटला.

दीड महिन्यानंतरची गोष्ट. जून महिना म्हणजे येथील ऐन हिवाळा. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. शुक्रवारची दुपार. थंडीत नारळाचे तेल थिजून पांढरे होते, म्हणून ते गरम पाण्यात ठेवून पातळ केले होते. पेल्यात पाणी घातले, तेल ओतू लागलो, आणि तेवढ्या वजनाने नवी साखळी मधोमध तुटली. कडे एका अंगास कलंडले, पेला निसटून खाली पडला व फुटला. वात अद्याप लावलेली नव्हती, ही देवाची कृपा. कडे दोन जुन्या साखळ्यांवर लोंबत राहिले. त्यावरील नावास धक्का लागला नाही. आकडा उतरवून पाहिला, तर त्याच्या वळणावरही केसासारखी चीर गेलेली. तपकिरी थराखाली ती झाकली गेली होती, म्हणून दीड महिना आम्हांस दिसली नाही. आणखी काही आठवड्यांत संपूर्ण दिवाच खाली आला असता, आणि कदाचित पेटलेला आला असता.

तार नवी होती, जाड होती, वजन पेल्याचे. मग ती तुटली का? उत्तर शोधता शोधता आम्ही पुन्हा हिंदुस्थानातच येऊन पोहोचलो.

घोड्यांचे तबेले आणि काडतुसे

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेपुढे एक कोडे उभे राहिले. बंदुकीच्या काडतुसांची पितळी टोपणे पावसाळ्यात, साठवणीतल्या साठवणीतच तडकत. त्यांना कोणी हात लावीत नसे, भार नसे, आणि तरी त्यांना उभ्या चिरा जात. या दोषास इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. त्याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. काडतुसे तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया निघे, पावसाळ्याची दमट हवा त्यास साहाय्य करी, आणि काडतुसाच्या पितळेत ते थंडपणी ओढून घडविताना राहिलेला ताण आधीपासून असे. ताण, ओल आणि अमोनिया ही तीन एकत्र आली की पितळ आतून फाटते. यांपैकी एक काढून घेतले की फाटत नाही. आपल्या आजे-पणजोबांच्या पिढ्यांतील कित्येकांनी मुंबई इलाख्याच्या पलटणींत नोकरी केली. ही काडतुसे त्यांतील काहींच्या हाताखालून गेली असणे अशक्य नाही.

आमच्या बादलीत आम्ही काय केले, हे आता वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. थंड तार वाकवून कड्या केल्या, म्हणजे ताण भरला. तबेल्याऐवजी बादली घेतली, आणि पावसाळ्याऐवजी झाकण लावले.

या दोषावरचा उपाय पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीस केव्हापासून ठाऊक आहे. तांबट भांड्यावर ठोके घालताना ते मधून मधून पुन्हा भट्टीत धरतो, कारण ठोक्यांनी कठीण झालेला धातू तापविल्याने पुन्हा मऊ होतो आणि त्यातील ताण उतरतो. पितळेच्या घडविलेल्या वा वाकविलेल्या भागास २५० ते ३०० अंश सेल्सियस उष्णता तासभर दिली, तर आकार न बिघडता ताण बहुतांशी जातो. ओतीव भागात असा ताण फार थोडा असतो, म्हणून ओतलेली मूठ अथवा पान यांस वाफ देण्यात धोका कमी. ज्या पितळेत जस्त शेकडा पंधराच्या आत आहे, ती या दोषास सहसा बळी पडत नाही, आणि ब्राँझ तर त्याहून सुरक्षित. बाजारातील सामान्य पितळेत मात्र जस्त शेकडा तीस ते चाळीस असते.

ज्यांना हे काम करावयाचे असेल त्यांच्यासाठी

प्रथम भाग कशाचा आहे हे पाहावे. लोहचुंबक चिकटला, तर तो पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी भाग आहे. त्यावर हे उपाय चालणार नाहीत. दुकानातील नव्या पितळी वस्तूंवर बहुधा पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो. तो असेतोवर कोणताही रंग धरत नाही. रंग काढण्याच्या द्रवाने तो प्रथम काढावा, आणि नंतर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात वस्तू धुवावी. पाणी थेंबाथेंबाने न साचता सर्व अंगावर एकसारखे पसरले, म्हणजे तेलकटपणा गेला असे समजावे. यापुढे उघड्या बोटांनी वस्तूस स्पर्श करू नये. बोटाचा ठसा तसाच उमटतो. चकचकीत अंगावर बारीक काचकागद हलक्या हाताने फिरविल्यास रंग चांगला धरतो.

ओतीव पितळेसाठी, अथवा वर सांगितल्याप्रमाणे ताण उतरविलेल्या पितळेसाठी, अमोनियाची वाफ द्यावी. हे काम घराबाहेर करावे, डोळ्यांना चष्मा व हातात रबरी मोजे असावेत, आणि अमोनियाजवळ कपडे पांढरे करण्याचे ब्लीच कधीही आणू नये. दोहोंच्या संयोगाने विषारी वायू निघतो. वस्तू द्रवास टेकू देऊ नये, नाही तर निळे-हिरवे डाग पडतात. तासातासाने पाहत राहावे आणि रंग हवा त्याहून किंचित फिका असतानाच बाहेर काढावी, कारण तो पुढेही थोडा गडद होतो. काढल्यावर भरपूर पाण्याने धुवावी, कोरडी करावी, आणि भिंगाखाली सर्व वळणे तपासावीत. आम्ही जी पायरी गाळली ती हीच.

ब्राँझ व तांबे यांस अमोनियाची गरज नाही. गंधकयुक्त पोटॅशच्या कोमट पाण्यात ती चटकन तपकिरी आणि मग काळी होतात. पितळ त्यात आढेवेढे घेते. उकडलेल्या अंड्याचा गरम बलक डब्यात ठेवून वर तांब्याचा भाग टांगला, तरी त्या बलकातील गंधकाने हलका रंग येतो. लहान कामास हा घरगुती उपाय पुरतो. गंधकाच्या पाण्यात आम्ल मात्र मिसळू नये. त्यातूनही विषारी वायू सुटतो. व्हिनेगर आणि मीठ यांनी हिरवे जंगाल आणता येते, परंतु ते भुकटीसारखे सुटते आणि विषारी असते. ज्यात अन्न, पाणी वा द्राक्षरस ठेवावयाचा, अशा कोणत्याही भांड्याच्या आतील अंगास यांपैकी काहीही लावू नये. मलिद्याचे ताट पिवळे दिसले तरी चालेल. कळकलेले चालणार नाही.

रंग आल्यावर सर्वत्र सारखा ठेवू नये. जुनी वस्तू नीट पाहिली, तर जेथे बोटे लागतात, कडीवर कडी घासते, तेथे ती उजळ असते आणि खाचांत गडद. नव्या भागावर त्याच जागा मऊ फडक्याने थोड्या उजळाव्यात. अखेरीस मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्यावा. ज्योतीजवळील भागास मात्र मेण लावू नये. तेथे ज्योतच आपला रंग देते.

आणि ज्यांना घाई नाही त्यांनी यांपैकी काहीच न केले तरी चालेल. आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझाचे पितळी घर आहे. बसविले तेव्हा ते आरशासारखे होते. जॉन्सनव्हिलच्या खाऱ्या वाऱ्याने चार हिवाळ्यांत त्यास मधासारखा तपकिरी रंग दिला. फक्त येता-जाता बोटे जेथे लागतात तेवढी जागा पिवळी राहिली आहे. असा रंग कोणत्याही बादलीत मिळत नाही.

साखळी नवी

दुसऱ्या खेपेस आम्ही तार बदलली. नौकांच्या सामानात वापरतात ती ब्राँझची तार घेतली, आकडाही ब्राँझचाच केला, आणि गंधकाच्या पाण्याने त्यांस तपकिरी केले. टांगण्यापूर्वी आकड्यास पाण्याने भरलेली बादली दोन दिवस लटकवून ठेवली. रंग या वेळी तंतोतंत जुळला नाही; नीट पाहणाऱ्यास फरक कळतो. ते तसेच राहू दिले. शिवाय आकड्याच्या आतल्या अंगास, छत्रीखाली झाकले जाईल अशा जागी, सुईने “साखळी नवी” एवढे दोन शब्द आणि ते वर्ष कोरले. पुढे कोणी दिवा उतरवील, तेव्हा त्यास आजीचे काय आणि आमचे काय, हे शोधावे लागू नये.

या सर्व खटाटोपातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. नव्यास जुन्याचा रंग देता येतो. त्याने घराची शोभा राहते आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण रंगाबरोबर जुन्याचे बळ येत नाही. जेथे भार आहे तेथे आधी धातूची परीक्षा आणि मग रंग. आणि जेथे नाव आहे तेथे नवे काय ते सांगून ठेवावे.

पुढच्या शुक्रवारी दिवा लावून आम्ही भगिनींना कळविले. येथे संध्याकाळ झाली होती, अश्दोदला अद्याप सकाळ होती. पडलेल्या पेल्याची हकीकत त्यांना प्रथमच सांगितली. आता बोलणी बसणार, अशी आमची तयारी होती. त्या एवढेच म्हणाल्या, “ती अक्षरे घासणारी मीच रे. आजीचे हात दुखत, म्हणून शुक्रवारी दिवा माझ्याकडे असायचा. पाचवे अक्षर गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिला दाखवले, तर म्हणाली, जाऊ दे, दिवा तर लख्ख झाला ना.” मग त्यांनी पाचही अक्षरे एकेक करून उच्चारली, आणि आम्ही ती कागदावर उतरवून घेतली. तो कागद आता दिव्याच्या ट्रंकेत आहे.

वाचकांना आमची विनंती आहे. आपल्या घरी जी पितळेची, तांब्याची भांडी आली असतील, ती एकदा उजेडात धरून पाहावीत. काठाखाली, बुडाशी, मुठीजवळ एखादे नाव कोरलेले असेल. ते आज वाचता येत असेल, तर आजच लिहून ठेवावे, आणि ते कोणाचे हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून शेजारी टिपावे. भांडे घासावे की न घासावे, हे त्यानंतर ज्याने त्याने ठरवावे.